दुसऱ्याचा एंटर

फोनवर ‘मधुभाऊ’ हे नाव उमटलं तेव्हा मी अकोल्याच्या आमच्या ग्रंथालयात स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते. दिवाळी तोंडावर आली होती आणि शिपाई सुटीवर होता. बऱ्याच दिवसांत त्यांचा फोन नव्हता, माझाही त्यांना नव्हता. त्यामुळे आधीच मनातून थोडी ओशाळलेली मी उलट चढ्या आवाजात म्हणाले, ‘काय भाऊ, विसरले का आमाले?’ पलीकडून त्यांच्या बायकोचा, कमलवहिनींचा, आवाज आला. ‘वैशाली, मी कमल बोलून राहिली. तुझे भाऊ गेले, पहाटे. झोपेतच.’ यावर मी काय करावं? मी म्हटलं, ‘एक मिनिट हं वहिनी, माझे हात धुळीचे आहेत.’ आणि फोन टेबलावर ठेवून खरंच हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून उभी राहिले... परत आले तोवर फोन बंद झाला होता. नवरा गेल्याची बातमी सांगणाऱ्या बाईला मी थांबायला लावलं, हे मला अजून पुसता आलेलं नाही. पण या लेखात पुढं जे यायचं आहे त्यामानानं ते काहीच नाही.

मधुकर गावंडे हे आमच्या संस्थेच्या अमरावतीच्या ग्रंथालयाचे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. अकोल्याचं ग्रंथालय माझ्याकडे. दोन्हीकडची पुस्तकं, सभासद, देवघेव, सगळ्याच्या नोंदी सर्व्हरवर असतात आणि हे सर्व्हर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतात. ही यंत्रणा मधुभाऊंनी आणली, तेव्हा कार्यकारिणीतल्या एका सद्‍गृहस्थांनी विचारलं होतं, ‘फुकटातलं आहे म्हणता, टिकेल का?’ भाऊ म्हणाले, ‘फुकट नाई साहेब, मोकळं आहे. आईचं दूध फुकट असते, म्हनून हलकं असते का?’ सद्‍गृहस्थ मान डोलावून पुढच्या विषयावर गेले. ग्रंथालयाला पुढं नवी खुर्ची मात्र बरीच वर्षं मिळाली नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा मला माऊस हलवता येत होता आणि तेवढ्यावर मी स्वतःला कॉम्प्युटरवाली समजत होते. पहिल्या दिवशी भाऊ बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला आले, हातात शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पिशवी. तो वहिनींच्या माहेरचा माल. आल्या आल्या त्यांनी माझा माऊस काढून कपाटात ठेवला. ‘याच्यानं चित्रं हालतात, काम हालत नाई,’ म्हणाले, आणि पुढ्यात काळा पडदा उघडून दिला. त्या पडद्यावर एक पांढरी खूण लुकलुकत होती, बाकी काळोख. आत काय टाइप करायचं ते कोणीच सांगत नाही. मी म्हटलं, ‘भाऊ, हे तर काही बोलतच नाही.’ ते म्हणाले, ‘लय गुणाचं आहे. काम बिनसलं तरच बोलते. गप्प राह्यलं म्हंजे झालं समज.’

शिकवण्याची त्यांची पद्धत अशी, की कोणतीही गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली की वऱ्हाडी होऊन जाई. सर्व्हर रुसला की मी घाबरून त्यांना फोन करी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘घागर भरली का थे पाह्यलं?’ म्हणजे डीएफ ही आज्ञा देऊन डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते बघायचं. निम्म्या वेळा घागरच भरलेली असे. लॉगच्या, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीच्या, फाइलीत नवी ओळ पडेल तशी ती समोर दाखवणारी टेल नावाची आज्ञा आहे, ती लावून ठेवणं म्हणजे ‘नाल्याच्या काठावर बसनं’. हजारो ओळींतून हवा तो शब्द उचलून आणणाऱ्या ग्रेपला ते ‘आमचा शिकारी’ म्हणत. आपण मागं कोणत्या आज्ञा दिल्या ते बघायची हिस्टरी म्हणजे ‘काल काय दिवे लावले थे पाहनं’. आणि आरएसिंकनं फाइली इकडून तिकडं नेण्याआधी नुसती रंगीत तालीम करता येते, खरं काही हलत नाही, त्या तालमीला ते साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, म्हणायचे. ‘समदं ठरते, पन मोडता येते.’ इंटरनेटवरची आज्ञा तशीच उचलून चिकटवणाऱ्यांचा मात्र त्यांना मनस्वी राग. ‘रस्त्यात पडलेली गोळी उचलून तोंडात टाकशील का? मंग? आधी मॅन उघड, वाच, मंग मले फोन कर.’ मॅन म्हणजे प्रत्येक आज्ञेची त्या यंत्रातच असलेली माहितीची पानं. ती पानं ते कादंबरी वाचावी तशी वाचत. मी एकदा विचारलं, ‘भाऊ, कंटाळा नाही येत?’ ‘येते ना बाप्पा. म्हनूनच तं वाचा लागते. कंटाळा आला का माणूस अर्ध्यातून उठते, आन् घात पुढच्याच ओळीत असते.’

हे ते हवेतून बोलत नव्हते. माझ्या नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या हातून अकोल्याची अख्खी सूची पुसली गेली होती. ‘जुने’ या नावानं सुरू होणाऱ्या फाइली काढायच्या होत्या. ‘जुने’ या शब्दाला चिकटून एक तारा, म्हणजे * हे चिन्ह, टाकायचा, की त्या नावाच्या सगळ्या फाइली जातात. भाऊंच्या हातून शब्द आणि तारा यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली. झालं, यंत्रानं वाचलं ते असं, ‘जुने’ नावाची फाइल काढ, आणि त्यानंतर इथलं सगळं काढ. ते गप्प राहून त्यानं काढलं. राखीव प्रत होती ती अर्धवट. मग तो सगळा उन्हाळा भाऊ सकाळच्या गाडीनं अकोल्याला येत, आम्ही दोघं रॅकमधून पुस्तकं काढून नोंदी पुन्हा टाइप करत असू. कुलरमधलं पाणी दुपारपर्यंत संपून जाई. चूक माझी आहे, असं त्यांनी कार्यकारिणीत उभं राहून सांगितलं होतं. मी सुचवून पाहिलं होतं, की वीज गेली होती असं सांगू. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी पुन्हा तसलं काही सुचवलं नाही.

त्या उन्हाळ्यातून आमचा नियम जन्माला आला. तोवर भाऊंनी टीमक्स नावाचं साधन बसवलं होतं. त्यात एकच काळा पडदा अमरावतीतही दिसतो आणि अकोल्यातही. मी टाइप केलेलं अक्षर त्यांच्या समोर उमटतं, त्यांचं माझ्यासमोर. नियम असा, की ज्या आज्ञेनं काही पुसलं जाईल, बंद होईल, परत आणणं अवघड होईल, ती आज्ञा एकानं लिहायची आणि एंटर दुसऱ्यानं मारायचा. लिहिणाऱ्यानं ओळीच्या आधी # हे चिन्ह टाकायचं. ते असलं की यंत्र ओळीकडे नुसतं बघतं, करत काही नाही. भाऊंच्या भाषेत ‘ओळ खुट्याले बांधली.’ मग दुसऱ्यानं ती शेवटपर्यंत वाचायची, पटली तर # काढून एंटर मारायचा. नाही पटली तर पुसून टाकायची, कारण विचारायचं नाही. त्यांचा फोन येई, ‘वैशालीबाई, ओळ खुट्याले बांधली आहे. सोडून दे.’ मी वाचे, सोडून देई. सुरुवातीला मला या नियमाचा अभिमान होता. आमचं वर्षातून दोनतीनदा भेटणं होई, पण कामाच्या दिवशी आम्ही एका पडद्यावर बसलेले असू. माझ्या सख्ख्या भावालाही माझ्या टाइप करण्यातली घाई ठाऊक नाही, ती यांना ठाऊक होती. मी चिडलेली असले की माझी अक्षरं खोडली जातात, हे त्यांनी एकदा फोन करून सांगितलं होतं. ‘काहून चिडली? जेवली नाई का?’

निवृत्त झाल्यावरही ते आलेच. म्हणजे पडद्यावर. घरच्या टेबलावरून रोज सकाळी लॉग इन करायचे. मानधन नाही, हुद्दा नाही. त्यांच्या जागी संस्थेनं कोणाला घेतलं नव्हतं, अमरावतीचंही काम माझ्याच अंगावर आलं होतं, तेव्हा कागदोपत्री मी दोन्हीकडची आणि मधुभाऊ माझे बिनपगारी जोडीदार. कोणालाही वाटेल, की मला हे सुखाचं वाटलं असेल. वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्यांचा जाच व्हायला लागला. दोन मिनिटांच्या कामाला त्यांच्या एंटरसाठी ताटकळायचं. ते आंघोळीला गेलेले असत, बँकेत गेलेले असत, आणि माझी ओळ खुट्याला बांधलेली. मग ते येणार, वाचणार, मॅन उघडणार, पुन्हा वाचणार. वर फोन करून विचारणार, ‘हे याच्यापेक्षा सोप्यानं नसतं झालं का?’ उलट त्यांची ओळ असली, की मी वाचेनाशी झाले होते. त्यांनी लिहिलंय ना, मग बरोबरच असणार, असं मी स्वतःला सांगायची. हा विश्वास होता असं लिहिलं तर छान दिसेल. तो आळस होता, आणि थोडा राग. एकदा मी माझ्या नवऱ्याजवळ बोललेही, ‘भाऊंनी आता थांबायला पाहिजे. सांगणार कोण?’

गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी त्यांचा फोन आला. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा मोठा घाट असतो. सकाळपासून फुलोऱ्याच्या करंज्या तळत होते, सासूबाई सोळा भाज्या निवडायला बसल्या होत्या, कढईतलं तेल तापलेलं. फोन खांद्यानं कानाशी धरून मी ‘हं भाऊ’ केलं. ते म्हणाले, ‘एक ओळ बांधून ठेवली आहे. घाई नाई. सवडीनं पायजो.’ आवाजात काही वेगळं होतं का? मी हजारदा आठवून पाहिलं आहे. मला नाही आठवत. मी ऐकत नव्हतेच. मग करंज्या झाल्या, शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं विचारायला आल्या, तेल पुन्हा तापवलं, आणि बऱ्याच वेळानं आठवण झाली तसं पिठाच्या हातानं मोबाइलवर तो काळा पडदा उघडला. ओळीच्या सुरुवातीचं # तेवढं मला दिसलं. ते काढलं, एंटर मारला, मोबाइल फ्रिजवर ठेवून दिला. यंत्र गप्प राहिलं. थोड्या वेळानं भाऊंचा पुन्हा फोन आला, ‘झालं ना बाप्पा. मोठं काम केलं तू.’ मी हसून म्हटलं, ‘तुमचीच कृपा.’ आणि करंजी सोडली तेलात.

त्यानंतर पडद्यावर ते आले नाहीत. पहिले काही दिवस मला ते जाणवलंही नाही. मग वाटलं, गुडघे दुखत असतील, नाहीतर वहिनींना घेऊन शेंदूरजन्याला गेले असतील. मग... मग मला बरं वाटायला लागलं. कामं भराभर होऊ लागली. ओळ लिहायची, एंटर मारायचा, पुढची ओळ. विचारणारं कोणी नाही. फोन करावा असं रोज मनात यायचं आणि मी तो करत नव्हते, कारण फोन केला तर ते उद्यापासून पुन्हा येतील. गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी त्यांच्याबद्दल धरून चालले. यंत्राबद्दल धरायची गोष्ट मी माणसाबद्दल धरली.

त्यांचे दिवस झाल्यावर संस्थेच्या सचिवांचा निरोप आला, की गावंडेंचं खातं आता बंद करून टाका. मी बसले. ओळ टाइप केली, सवयीनं आधी # टाकलं आणि मग ध्यानात आलं, की आता एंटर मारायला दुसरं कोणीच नाही. हात उचलेना. म्हणून, वेळ काढायला म्हणा, मी आधी त्यांच्या खात्याची स्थिती काय आहे ते विचारलं. यंत्रानं सांगितलं, खात्याला कुलूप आहे. पुन्हा विचारलं. कुलूप आहे. हे कुलूप घालायचा अधिकार दोघांनाच होता. मी हिस्टरी उघडली. महालक्ष्म्यांच्या दिवशीची ती ओळ तिथं होती, चार शब्दांची. पहिला शब्द अधिकार मागणारा, दुसरा खात्यात बदल करणारा, तिसरा कुलूप लावणारा आणि चौथा त्यांचं नाव. एवढंच मला वाचायचं होतं.

त्यांनी स्वतः ते कुलूप लावलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. आपण जावं की राहावं हे त्यांनी मला विचारलं होतं, आमच्या दोघांच्या रीतीनं. नाही पटलं तर ओळ पुसायची, कारण विचारायचं नाही. आणि मी एंटर मारून सांगितलं, जा. मनाची समजूत घालायला मी बरंच काही म्हणून पाहिलं. वाचलं असतं तर मी तडक फोन करून भांडले असते, पुसून टाकली असती ओळ. खरंच पुसली असती का? महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधीच नवऱ्याजवळ मी काय बोलले होते? न वाचता मारलेला तो एंटर माझ्या मनातलाच होता, हे मला खातं. चूक झाली असं म्हणून सुटता आलं असतं, तर मी केव्हाच सुटले असते.

त्या आठवड्यात मी अमरावतीला गेले, वहिनींना भेटायला. त्यांनीच विषय काढला. भाऊ त्या दिवशी टेबलावरून उठून आले आणि म्हणाले, वैशालीनं मला मोकळं केलं. ‘लय वेळ घेतला म्हने तू,’ वहिनी म्हणाल्या. ‘चटकन नाई केलं. जिवावर आलं असन तुले, असं म्हने. मले बरं वाटलं वैशाली. जाणाराले जा म्हननारं मानूसही विचार करनारं पायजे.’ माझ्या करंज्या तळून होईपर्यंतचा तो वेळ, शेजारच्या काकूंचा वेळ, भाऊंनी माझ्या जिवाचा वेळ समजून जमा करून ठेवला होता. वहिनी पुढं सांगत होत्या, ‘मंग रोज सकाळी त्याच खुर्चीत बसत. थोडक्यानं उठत. मी म्हनो, आता कायले बसता, तं म्हनत, सवय आहे, जाईन.’ मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्यांना एक आधार मिळाला होता, तो खोटा आहे हे सांगायचा मला काय अधिकार, असं मी गाडीत बडनेऱ्यापर्यंत स्वतःला पटवत आले. मूर्तिजापूर येईपर्यंत ते पटणं उतरलं होतं.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी भाऊंवर लिहायला सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी दुसराच लेख लिहिला. त्यात घागर होती, नाला होता, साक्षगंध होतं. वाचून कोणालाही हसू आलं असतं. महालक्ष्म्यांचा दिवस नव्हता. तो लेख फाडला आणि हा लिहिला. इथवर आल्यावर थांबले. वहिनी पेपर जाहिरातींसकट वाचतात. त्यांच्या नकळत हे छापणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. म्हणून प्रिंट काढली, अमरावतीला गेले आणि कागद त्यांच्या हातात दिले. ‘वहिनी, वाचा. नको वाटलं तर फाडून टाका. मी कारण विचारणार नाही.’

त्या भाऊंच्या खुर्चीत बसल्या. चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. मधेच उठून चहा टाकावा, काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, पण मी बसून राहिले. आईच्या दुधापाशी त्या किंचित हसल्या. महालक्ष्म्यांच्या दिवसापाशी बोट थांबलं. मागं गेलं, पुन्हा त्याच ओळींवरून आलं. मग शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद मांडीवर ठेवले.

‘म्हंजे तू वाचलंच नवतं.’

‘नाही वहिनी.’

त्या असू दे म्हणाल्या नाहीत, जाऊ दे म्हणाल्या नाहीत. मी तशी आशाही केली नव्हती... केली होती.

‘त्या दिवशी ताट वाढून ठेवलं होतं मी,’ त्या म्हणाल्या. ‘हे या खुर्चीत, पडद्याकडं तोंड करून. दोनदा हाक मारली. म्हटलं, भाकर थंडी होऊन राहिली, उठा. तं मले म्हने, थांब जरा, वैशाली वाचून राहिली.’

मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. ‘हे राह्यलं तुझ्या लेखात. हे लिही, आन् मंग दे छापाले.’

ते मी तिथंच लिहिलं. वहिनींनी तेही वाचून घेतलं.